उडते डॉक्टर : विमान मिळाले, माणसांचे काय?

१/ ऑगस्ट १९१७. पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॉल्स क्रीक ही एकाकी वस्ती. घोड्यावरून पडून गंभीर जखमी झालेल्या जिमी डार्सी या गुराख्याला तेथे आणण्यात आले. वस्तीत डॉक्टर नव्हता. होते फक्त तारघर आणि प्रथमोपचार शिकलेला पोस्टमास्तर, फ्रेड टकेट.

२/ टकेटने दूरच्या पर्थ शहरातील डॉ. हॉलंड यांना तार केली. मूत्राशय फाटल्याचे निदान तारेवरच झाले आणि मोर्स लिपीत येणाऱ्या सूचना वाचत टकेटने खिशातल्या चाकूने शस्त्रक्रिया केली. डॉ. हॉलंड स्वतः निघाले. जहाज, मोटार, घोडागाडी असा प्रवास करत पोहोचले. डार्सी आदल्याच दिवशी मरण पावला होता.

३/ या घटनेने देश हळहळला. डॉक्टरचा सल्ला तारेने काही तासांत पोहोचला होता. डॉक्टरला पोहोचायला मात्र दिवसांमागून दिवस लागले. दुर्गम भागातील आरोग्यसेवेचा मूळ प्रश्न इतक्या स्पष्टपणे क्वचितच समोर आला असेल.

४/ जॉन फ्लिन हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक १९१२ पासून अंतर्भागातील वस्त्यांसाठी मिशन चालवत होते. १९१७ च्या अखेरीस त्यांना क्लिफर्ड पील या तरुणाचे पत्र आले. वैद्यकीचे शिक्षण घेता घेता सैनिकी वैमानिक झालेल्या पीलने विमानातून डॉक्टर पाठवण्याची कल्पना खर्चाच्या हिशेबासह मांडली होती. सप्टेंबर १९१८ मध्ये तो फ्रान्समधील युद्धात मारला गेला.

५/ कल्पना प्रत्यक्षात यायला आणखी दहा वर्षे लागली. उद्योजक एच. व्ही. मॅके यांच्या मृत्युपत्रातील देणगीचा मोठा आधार मिळाला आणि मे १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधील क्लोनकरी येथे सेवा सुरू झाली. ‘व्हिक्टरी’ हे विमान क्वांटास कंपनीकडून भाड्याने घेतले होते. दर मैलामागे दोन शिलिंग.

६/ मनुष्यबळ किती? डॉक्टर एक, केनयन सेंट व्हिन्सेंट वेल्च. वैमानिक एक, आर्थर ॲफ्लेक. विमानात रेडिओ नव्हता. वैमानिक उघड्या कॉकपिटमध्ये बसून होकायंत्र, नद्या, कुंपणे आणि तारेचे खांब पाहत वाट काढी. पहिल्या वर्षात ५० उड्डाणे झाली आणि २२५ रुग्णांवर उपचार झाले.

७/ परंतु डॉक्टरला बोलवायचे कसे? ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायडल मारून वीज निर्माण करणारा रेडिओ तयार केला. १९२९ पासून तो दूरच्या पशुपालन केंद्रांवर बसू लागला. १९४२ पासून क्रमांक लावलेल्या औषधपेट्या आल्या. डॉक्टर रेडिओवरून औषधाचा क्रमांक सांगे आणि घरातील माणूस ते रुग्णाला देई.

८/ इतिहास सांगताना विमान आणि रेडिओ यांचेच कौतुक होते. पण त्या पेटीतले औषध काढणारा हात पशुपालकाच्या घरातीलच कुणाचा तरी असे. यंत्रांनी अंतर कमी केले खरे. मात्र प्रत्येक यंत्राच्या टोकाला शिकलेला, जबाबदारी घेणारा माणूस लागला. टकेटच्या काळी लागला, ट्रेगरच्या काळीही लागला.

९/ १९५५ मध्ये सेवेला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. १९६० च्या दशकापासून परिचारिका उड्डाणांवर नियमित जाऊ लागल्या. आज अनेक उड्डाणांवर डॉक्टर नसतो. रुग्णाजवळ परिचारिका एकटीच असते. त्यामुळे तिच्याकडून सामान्यतः परिचर्या आणि प्रसूतिशास्त्र अशा दोन्ही पात्रतांची अपेक्षा असते, कारण हवेत असताना कोणता प्रसंग येईल हे ठरलेले नसते.

१०/ नेमकी येथेच आजची अडचण आहे. अशी परिचारिका काही महिन्यांत घडत नाही. वैमानिकाच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा असते. म्हणून चोवीस तास एक विमान सज्ज ठेवायचे तर अनेक वैमानिक लागतात. मोठ्या विमान कंपन्यांची भरती वाढली की अनुभवी वैमानिक तिकडे वळतात; २०१८ च्या सुमारास या सेवेला त्याची झळ बसली.

११/ पगार वाढवणे हा एक उपाय. पण तेवढ्याने भागत नाही. जोडीदाराला काम, मुलांना शाळा, राहायला बरे घर आणि हक्काची रजा या गोष्टी आडगावात मिळाल्या, तरच माणूस टिकतो. नव्याने आलेल्याला तो प्रदेश कळेपर्यंत जुना निघून गेला, तर अनुभव साठतच नाही.

१२/ ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर फ्लिन आहेत, विमान आहे, पायडलचा रेडिओही आहे. १९१७ मध्ये विमान नव्हते, म्हणून डॉक्टर उशिरा पोहोचला. आता विमान धावपट्टीवर उभे असते. पण पाळीला वैमानिक किंवा परिचारिका नसेल, तर वाट पाहणाऱ्या रुग्णाला हॉल्स क्रीक आजही तितकेच दूर आहे.

(धागा समाप्त)