औंधचे राजे आणि आण्णांची बाज

मागच्या दिवाळीत फुलंब्रीला गेलो होतो. दुपारची जेवणं झाली. आण्णा नेहमीसारखे खाली मांडी घालून बसले होते. उठताना मात्र त्यांनी आधी बाजेचा पाय धरला आणि मग माझा खांदा. कुणी काही बोललं नाही. याच आण्णांना मी खताचं पोतं पाठीवर घेऊन वावरात जाताना पाहिलंय. "वय झालं, दुसरं काय!" आत्या म्हणाली.

हे "वय झालं" माझ्या डोक्यातून जाईना. परत आल्यावर वाचत बसलो आणि गाडी जाऊन थांबली थेट औंधला. (पुण्यातलं नव्हे, साताऱ्याकडचं!)

तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, यांचा जन्म 1868 चा. चित्रकार, कीर्तनकार आणि 1939 मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारा माणूस. पण व्यायामाचं वेड म्हणाल तर विचारू नका. 1897 मध्ये त्यांनी सँडोची पुस्तकं आणि उपकरणं मागवली आणि दहाएक वर्षं तो व्यायाम केला. मग ते सूर्यनमस्काराकडे वळले ते कायमचे. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, आणि 1928 मध्ये, वयाच्या साठीत, त्यावर इंग्रजी पुस्तक काढलं. 1938 मध्ये लंडनहून दुसरं निघालं, तेव्हा स्वारी सत्तरीची होती. नातवंडं खेळवायच्या वयात हा गृहस्थ रोज जमिनीवर झोकून देत होता आणि पुन्हा उभा राहत होता. 1951 मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, ते गेले.

एका माणसावरून सिद्धांत निघत नाही, हे मान्य. शिवाय राजाच तो, दूधतुपाला काय कमी! पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. म्हातारपण हे व्यायाम सोडायचं कारण आहे, असं त्यांनी मानलंच नाही.

आमच्या घरात तेव्हा व्यायाम हा शब्दच नव्हता. फुलंब्री 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. आजीचं जातं, पाटा-वरवंटा, विहिरीवरून ओढलेलं पाणी, आणि दिवसातून पन्नासदा खाली बसून उठणं. 1972 च्या दुष्काळात तर बायाबापड्यांनी खडी फोडली. (त्याचे गोडवे गाऊ नका. अर्धपोटी कष्टांनी ताकद येत नाही, गुडघे जातात.) पुढे गिरणी आली, मोटार आली, नळ आला. फार बरं झालं. पण स्नायूंना काम देणारं जे काही होतं ते एकेक करून गेलं आणि त्या जागी काहीच आलं नाही. वर आम्ही पोरं शहाणी! "आण्णा, आता बसा निवांत," असं मीच किती वेळा म्हटलंय.

त्या निवांत बसण्याचं पुढे काय होतं? वयाबरोबर मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या काही पेशी मरतात आणि त्यांच्या ताब्यातले तंतू पोरके होतात. चटकन उठायला, तोल सावरायला लागणारे जलद तंतू जास्त झिजतात. या झिजेला सार्कोपेनिया हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवलं, तेही 1980 च्या दशकाच्या शेवटी. तोवर ते नुसतं "वय" होतं.

आणि मग 1990. मारिया फियातारोने यांनी बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेतला. आठवडे आठ. वजनही लुटुपुटुचं नाही, जेमतेम एकदा उचलता येईल त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत नेलेलं. नऊ जणांनी पुरं केलं. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू मात्र साधारण 9 टक्क्यांनीच. म्हणजे आधी जागा होतो तो मज्जासंस्थेचा हुकूम, मांस मागाहून भरतं. दोघांची काठी सुटली! व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत कमाई बरीच घटली, हेही त्यांनी नोंदवलंय.

राजेसाहेबांनी नमस्काराचं श्रेय सूर्याला आणि मंत्रांनाही दिलं. स्नायूला यातलं काही कळत नाही. त्याला कळतो भार, आणि तो भार हळूहळू वाढतोय की नाही. म्हणून म्हाताऱ्यांना नुसतं "फिरून या" म्हणणं मला आता अपुरं वाटतं. चालणं हृदयाला चांगलंच, पण मांडीला त्याहून जड काहीतरी हवं. सोबत ताटात डाळ, दूध, अंडी.

आण्णांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तू मला बस म्हणालास ते चुकलं." मी हो म्हणालो. आधी डॉक्टरांना विचारलं, बीपी बघून घेतलं. आता रोज सकाळी बाजेच्या काठावर बसून, हात न टेकवता उठायचं. सुरुवात चारने झाली होती. काल आत्याचा फोन आला, अकरा झाले म्हणे, आणि ती स्वतः मोजायला बसते ती आता शेजारच्या खुर्चीवरून उठून पाहते आहे.