धूळशोषक, फिरता : सुटी रचना आणि पूर्वविलगक

लाकूडकाम, फरशीकाम आणि घासकाम यांच्या यंत्रांतून उडणारी धूळ उगमापाशीच ओढून घेणारे, चाकांवर हलवता येणारे उपकरण म्हणजे फिरता धूळशोषक. मोटर व पंखा, फिल्टर, धूळ साठवणारे पिंप आणि लवचिक नळी हे त्याचे नेहमीचे भाग. फिल्टरच्या अलीकडे हवेतला जाड भुसा व ढलप्या काढून घेणारा भाग बसवला, की त्याला पूर्वविलगक म्हणतात. कारागीर त्याला सरळ ‘सायक्लोन’ म्हणतात. पुण्यासारख्या शहरात, जिथे एकच यंत्र रोज नव्या जागी आणि नव्या धुळीसाठी वापरले जाते, तिथे हा भाग यंत्रात कायमचा बसवलेला नसावा, सुटा असावा. त्याचे काम फिल्टर टिकवण्याचे आहे. श्वासाचे रक्षण फिल्टरच करतो.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड व प्लायवूड येते. पण कापणे, रंधा मारणे, घासणे बरेचदा खराडी-वाकडच्या एखाद्या अर्धवट तयार फ्लॅटमध्येच चालते. त्याच फ्लॅटमध्ये एमडीएफ कापला जातो, वायरिंगसाठी भिंतीत खाचा मारल्या जातात, फरशी कापली जाते आणि शेवटी पुट्टी घासली जाते. रंध्याच्या ढलप्यांनी पिशवी काही वेळातच भरते, पण त्यांचा मोठा भाग श्वासातून खोल जात नाही. एमडीएफ, काँक्रीट आणि फरशी यांची बारीक धूळ डोळ्यांना क्वचितच दिसते आणि तीच फुप्फुसांत उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ आणि १९९७ मध्ये कामाच्या जागी श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका ही माणसाला निश्चित कर्करोगकारक ठरवली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ ने शोषणाची सोय धुळीच्या उगमाच्या शक्य तितकी जवळ असावी असे सांगितले. फ्लॅटमध्ये काम करणारे तीन-चार जणांचे पथक त्या अधिनियमाच्या ‘कारखाना’ या व्याख्येत बसतच नव्हते. त्यांच्या छातीची काळजी त्यांच्या यंत्राच्या रचनेवरच सोपवलेली आहे.

सायक्लोनमध्ये हवा नळकांड्याच्या कडेने तिरपी शिरते आणि गोल फिरते. जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खालच्या पिंपात पडतात, हलकी हवा मधल्या नळीने वर निघते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिठाच्या आणि लाकडाच्या गिरण्यांत ही युक्ती रुळली. तिच्यात हलणारा भाग नाही, म्हणून झिजणारे फारसे काही नाही. मात्र कण जितका लहान, तितका तो हवेबरोबर वळतो. काही मायक्रॉनच्या खाली लहान सायक्लोनची पकड झपाट्याने सैल होते, आणि खोल फुप्फुसात पोचणारी धूळ नेमकी याच मापाची असते. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. त्यामुळे ‘सायक्लोन आहे, आता फिल्टर साधा चालेल’ हे दुकानात ऐकू येणारे म्हणणे धोक्याचे आहे. पिंप भुशाने भरलेले पाहून समाधान वाटते, पण त्याच वेळी साध्या कापडी पिशवीतून सर्वांत घातक अंश खोलीत परत येत असतो.

पूर्वविलगकावरचा मोठा आक्षेप असा की त्याने ओढ कमी होते. हे खरे आहे. हवा गोल फिरवायला दाब खर्च होतो. पण विलगक नसला तर फिल्टरवर थर साचतो आणि ओढ कामाच्या मध्यातच घसरत जाते. विलगकाचा तोटा मात्र जवळजवळ स्थिर राहतो आणि आधीच हिशेबात धरता येतो. पावसाळ्यात दमट भुसा पिशवीला चिकटून बसतो, तेव्हा हा फरक अधिक जाणवतो. शिवाय खरी गळचेपी बहुधा नळीत असते : नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढीच हवा ओढायला सुमारे ३२ पट दाब लागतो. दुसरा आक्षेप जागेचा. लिफ्टमध्ये, जिन्यात दोन पिंपे सांभाळणे अवघड, म्हणून सगळे एका डब्यात असावे, असे म्हणतात. उलट सुटा विलगक रंध्याच्या दिवशी जोडता येतो आणि पुट्टी घासताना, धूळ बारीक पण थोडी असेल तर, गाडीतच ठेवता येतो. मोटर बिघडली तर मोटरच दुरुस्तीला जाते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : जितके सांधे, तितकी गळती. पिंपाच्या झाकणातून थोडी हवा आत शिरली, तरी खाली पडलेला भुसा पुन्हा वर उचलला जातो आणि विलगक नावापुरता उरतो. त्यावर उपाय म्हणजे रबरी गॅस्केट, घट्ट कड्या आणि सर्व भागांना एकच जोडमाप. जर्मनीत १९९३ मध्ये आलेल्या, एकमेकींवर अडकणाऱ्या सिस्टेनर अवजारपेट्यांचे यश अशाच एका सामाईक जोडणीवर उभे आहे.

जोडमापाचा प्रश्न पुण्यात सोडवता येण्याजोगा आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे. तशा कार्यशाळेत वेगवेगळ्या यंत्रांच्या तोंडांना बसणारे अडॅप्टर सहज घडतात. पिंप म्हणून २० लिटरची रंगाची बादली वापरतात, पण तिच्या मर्यादा ओळखाव्यात. नळी तुंबून आत २० किलोपास्कल पोकळी झाली, तर ३० सेंमी व्यासाच्या झाकणावर सुमारे १४४ किलो वजनाइतका भार येतो आणि बादली चेपते. म्हणून दाबमुक्ती झडप हवी. प्लॅस्टिकच्या नळीत साचणाऱ्या स्थिर विजेसाठी अर्थिंगची तार किंवा विद्युतवाहक नळी लागते. मर्यादित पैशांत खरेदीचा क्रम असा ठेवावा : आधी चांगला फिल्टर, मग यंत्राच्या तोंडाशी बसणारी योग्य व्यासाची नळी, आणि त्यानंतर पूर्वविलगक.