हिमायत बाग
हिमायत बाग : छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील सतराव्या शतकातील मोगलकालीन उद्यान. शहराच्या उत्तर भागात दिल्ली दरवाजाजवळ, सलीम अली सरोवरासमोर (पूर्वीचा खिजरी तलाव) ते वसले असून त्याचा विस्तार सु. १२० हे. (३०० एकर) आहे. पूर्वी ते ‘मोगल बाग’ या नावाने ओळखले जाई. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र व रोपवाटिका या बागेत आहे.

या परिसरात वार्षिक पर्जन्यमान सु. ७० सेंमी. असून ते बव्हंशी पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरतेच असते. त्यामुळे येथे बाग राखणे हा प्रथमपासून पाण्याचा प्रश्न होता. मूळचा ॲबिसिनियाचा असलेला निजामशाहीतील मुत्सद्दी मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले व उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे भूजल नहरींच्या द्वारे शहरात आणले. हे पाणी केवळ उतारावरून वाहत येई. नळातील दाब व कोंडलेली हवा कमी करण्यासाठी वाटेत उंच मनोरे बांधलेले असत. पुढे १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाच्या काळात नगराला औरंगाबाद हे नाव मिळाले आणि नहरींची संख्याही वाढली. शहरातील हौद, कारंजी व बागा याच व्यवस्थेवर पोसल्या गेल्या.

मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली (२०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव). राजविलासासाठी निर्माण झालेली ही बाग अशा रीतीने शेतकऱ्यांच्या उपयोगाचे क्षेत्र बनली.

बागेतील वृक्षांत आंबा व चिंच हे प्रमुख होत. आंबा मूळचा भारतीय उपखंडातील; चिंच मात्र उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतून प्राचीन काळी भारतात आली व येथे इतकी रुळली, की अरबांनी तिला ‘तमर-ए-हिंद’ (हिंदुस्थानचा खजूर) म्हटले. खोल जाणाऱ्या मुळांमुळे हा शिंबावंत कुलातील वृक्ष अवर्षणातही तग धरतो. म्हणून मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीत त्याला विशेष महत्त्व आहे. बियांपासून वाढविलेल्या चिंचेस फळे धरण्यास सु. ८ ते १० वर्षे लागतात. कलमास हा काळ निम्म्याने कमी लागतो. या केंद्राने चिंचेची ‘प्रतिष्ठान’ ही जात निवड पद्धतीने विकसित केली असून जातीचे नाव पैठणच्या प्राचीन नावावरून आलेले आहे.

जुन्या वृक्षांचे शास्त्रीय महत्त्व येथेच स्पष्ट होते. कलमी झाडे मातृवृक्षाशी आनुवंशिक दृष्ट्या एकरूप असतात. बियांपासून वाढलेल्या झाडांत मात्र गराचे प्रमाण, आंबटपणा, फळांचा आकार व बहराचा काळ यांत पुष्कळ भिन्नता आढळते. नवी जात निवडावयाची ती या भिन्नतेतूनच. म्हणून जुने रायवळ झाड तोडले गेले, तर सावलीबरोबर भावी जातीची शक्यताही नाहीशी होते. त्याजागी लावलेली दहा कलमे ती परत आणू शकत नाहीत.

रानवनस्पतींच्या बाबतीत असेच कार्य शहरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा (स्थापना १९५८, नामविस्तार १९९४) वनस्पतिशास्त्र विभाग आणि तेथील वनस्पती उद्यान यांच्याकडे आहे. या विभागातील व्ही. एन. नाईक यांनी सिद्ध केलेला मराठवाड्याच्या वनस्पतींचा द्विखंडात्मक ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथात वनस्पतीची नोंद राहते, उद्यानात ती वनस्पती स्वतः जिवंत राहते. वाढत्या शहराने वेढलेल्या हिमायत बागेचे मोलही या दृष्टीने केवळ पुरातन वास्तूचे नसून जिवंत संग्रहाचे आहे.