पद्मपाणीचा शेवटचा रंग

साल इ. स. ४७० च्या आसपासचं. वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम, सोडून तुम्हाला बरेच दिवस झालेत. बहुधा मेहकर-चिखलीच्या पठारावरूनच तुम्ही इथवर, अजिंठ्याला, आलात. राज्य वाकाटक हरिषेणाचं. खाली वाघूर नदी घोड्याच्या नालासारखी वळलेली, आणि कड्यातून घण-छिन्नीचा आवाज थांबता थांबत नाही.

पहिल्या लेण्यात शिरा. माती, शेण आणि भाताच्या तुसाचा गिलावा वाळलाय, त्यावर चुन्याचा पातळ हात. चितारी गेरूने रेघ ओढतो. पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना, सगळं जवळपासचं. निळा लाजवर्द तेवढा अफगाण डोंगरांतून आलेला. मान कललेली, हातात कमळ: बोधिसत्त्व पद्मपाणी. पण नीट बघा, तो एकटा नाही. भोवती माकडं आहेत, मोर आहेत, एक जोडपं आहे. पुढच्या दीड हजार वर्षांत येणारे बरेच जण यांना वगळूनच चित्र उचलणार आहेत.

आता १८४४ नंतरचा एक हिवाळा. वटवाघळांच्या वासाने डोकं भणभणतंय. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला भित्तिचित्रांच्या नकला करायला धाडलंय आणि तुम्ही त्याचा कॅनव्हास धरून उभे आहात. हा माणूस वर्षानुवर्षं इथेच राहतो. लोणारच्या देवळांचे फोटोही त्याने काढलेत, म्हणजे बुलढाण्याच्या वाटा त्याच्या पायाखालच्या. १८५६ मध्ये त्याची सोबतीण पारो वारली. तिच्या गोष्टीत आपलं मराठी मन फार गुंतलं. कवी महानोरांनी तिच्यावर ‘अजिंठा’ लिहिलं, २०१२ साली त्यावर सिनेमा आला. गिलची चित्रं मात्र बाजूलाच राहिली. त्याला कारणही आहे. लंडनजवळच्या सिडनहॅमला, क्रिस्टल पॅलेसमध्ये, डिसेंबर १८६६ मध्ये आग लागते आणि त्याच्या बहुतेक नकला तिथे जळतात. कित्येक वर्षांची मेहनत!

मग १८७२. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आलेत, त्यांत पेस्तनजी बोमनजी आहेत. हे काम १८८५ पर्यंत चालणार, सुमारे तीनशे नकला होणार. इथे जरा जास्त वेळ थांबा, कारण खरी गोष्ट इथे घडते. लेण्यात अंधार, रंगांवर धूळ. चित्र उठून दिसावं म्हणून भिंतीवरच वार्निश फिरवलं जातं. ब्रश फिरला की लाल उजळतो, निळा जागा होतो, पोरं खूश होतात. तुम्हाला मात्र पुढचं ठाऊक आहे: हे वार्निश पिवळं पडेल, धूळ धरून ठेवेल आणि खालचा रंग घेऊन सुटेल. हात धरावासा वाटतो, पण तुम्हाला कोण ओळखतं?

त्या नकला लंडनला जातात. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागते आणि ऐंशीहून अधिक नकला जातात. उरलेल्यांवरून १८९६-९७ मध्ये दोन जाडजूड खंड छापून निघतात, त्यातली काही चित्रं रंगीत शिळाछापाने. मूळ चित्राची छापील आवृत्ती घरबसल्या पाहायची सोय झाली ती इथे. १९२० नंतर निजाम सरकारने बोलावलेले इटालियन जाणकार चित्रं सांभाळायला शेलॅक (लाखेचं वार्निश) लावतात, म्हणजे थरावर आणखी एक थर. हेतू चांगलाच होता. हे थर काढायला पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना फार हलक्या हाताने काम करावं लागलं.

नकलेची आणखी एक तऱ्हा पाहायला एकदम न्यूयॉर्क, १९६३. मोनालिसा अमेरिकेत पाहुणी आलीय, लोक रांगा लावतात. अँडी वॉरहॉल तिचा फोटो रेशमी जाळीवर चढवतो आणि एकाच कॅनव्हासवर तीस वेळा उठवतो. १९८४ मध्ये बोत्तिचेल्लीच्या व्हीनसचं फक्त डोकं कापून घेतो, बाकी शिंपला-समुद्र सोडून देतो. त्याच्यावर खुशाल नाक मुरडा. पण त्याने मूळ चित्राला हात लावला नाही, आणि आपण हुबेहूब काही केलंय असा आवही आणला नाही. ग्रिफिथ्सपेक्षा मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

आता आज, बुलढाणा. पाळी तुमची: वॉरहॉलसारखाच जाळीवरून पद्मपाणी छापायचा. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानाच्या मागची खोली. फ्लेक्स आणि डिजिटल आल्यापासून स्क्रीन-छपाईचं काम कमी झालं, म्हणून टेबल रिकामं मिळालं. फ्रेमवर ताणलेल्या जाळीला तुम्ही उजेडाने कडक होणारं इमल्शन लावता, वाळल्यावर त्यावर पॉझिटिव्ह, म्हणजे काळ्यात चित्र असलेली पारदर्शक फिल्म, ठेवून उजेड देता. काळ्या भागाखालचं इमल्शन पाण्याने निघून जातं. जाळी तिथे उघडी पडते आणि शाई तिथूनच उतरते. स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, एका दाबाने ओढा, मधे थांबलात तर पट्टा उठतो. एका रंगाला एक स्क्रीन: गेरू, हिरवा, काजळी, निळा. प्रत्येक वेळी कागद खुणांना नेमका टेकला पाहिजे, नाहीतर पद्मपाणीला चार ओठ होतील.

चेहरा एकटा घेऊ नका, माकडं घ्या. ती बहुतेकांनी वगळली, तुम्ही त्यांनाच मध्यभागी आणा, पद्मपाणी कडेला अर्धा कापला गेला तरी चालेल. आणि पाचवी स्क्रीन करा, फक्त वार्निशची. पारदर्शक शाईत थोडा पिवळा मिसळा आणि सगळ्यात शेवटी ओढा. पंचवीस प्रती काढायच्या असतील तर वार्निश बारांवरच मारा, उरलेल्या तेरा तशाच ठेवा, आणि भिंतीवर लावताना शेजारी-शेजारी लावा. रॅकवर मात्र प्रती एकमेकींना चिकटू देऊ नका. ही शाई वाळायला वेळ घेते.