राजाबाई मनोरा आणि विद्यापीठाचे सभागृह



कापूस आपल्या भागाला नवा नाही. परंतु कापसाच्या पैशातून मुंबईत विद्येची एक भव्य वास्तू उभी राहिली, ही हकीकत आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ती वास्तू म्हणजे मुंबई विद्यापीठाचे पदवीदान सभागृह आणि त्याच्या शेजारचा राजाबाई मनोरा.

मुंबई विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857 रोजी झाली. तेव्हा विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती. 1862 साली महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे पहिल्या तुकडीचे पदवीधर झाले, तेव्हाही ती नव्हती. म्हणजे विद्यार्थी आधी आले, वास्तू मागून आली. अपुऱ्या वर्गखोल्यांत शिकणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

1863 साली कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थांनी सभागृहासाठी 1 लाख रुपये दिले. अमेरिकेत 1861 पासून यादवी युद्ध चालू होते. तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. या तेजीतले सर्वांत मोठे नाव म्हणजे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद. 1864 साली त्यांनी ग्रंथालयासाठी 2 लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी 2 लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव असावे एवढीच त्यांची इच्छा होती. असे सांगतात की, राजाबाईंना दिसत नव्हते आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे असे. घड्याळाच्या टोल्यांनी त्यांना वेळ कळू लागली.

1865 साली युद्ध संपले, कापसाचे भाव गडगडले, पेढ्या बुडाल्या. खुद्द प्रेमचंदांची दौलतही गेली. पण जे विद्येसाठी दिले होते, ते तेवढे शिल्लक राहिले. सभागृह 1874 मध्ये आणि ग्रंथालयासह मनोरा 1878 मध्ये पूर्ण झाला. मनोऱ्याचा व ग्रंथालयाचा खर्च सुमारे साडेपाच लाख रुपयांवर गेला.

दोन्ही इमारतींचे नकाशे लंडनचे प्रसिद्ध वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी काढले. ते स्वतः मुंबईला कधीच आले नाहीत. नकाशे आगबोटीने आले. दगड मात्र इथला, हातही इथले. शैली गॉथिक, म्हणजे निमुळत्या टोकदार कमानी, नाजूक कोरीव खांब आणि रंगीत काचांच्या खिडक्या. सभागृहाच्या बाहेरच्या अंगाने गोल जिने चढत जातात. आत मोठ्या वर्तुळाकार खिडकीत रंगीत काचांवर बारा राशींची चित्रे आहेत. मनोरा कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा असून त्याची उंची 280 फूट आहे. त्यावर राजे-महाराजे कोरलेले नाहीत. पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांच्या माणसांचे 24 पुतळे बसविलेले आहेत. 2015 मध्ये मनोऱ्याची दुरुस्ती पूर्ण झाली आणि 2018 साली हा सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

मनोऱ्यावर सर्व समाज दिसले, तरी आतील वर्गांत ते लगेच दिसले असे नाही. स्त्रियांना पदवीचे दार 1883 साली खुले झाले. मुसलमान समाजही आधुनिक शिक्षणात फार मागे होता. ही उणीव ओळखून बद्रुद्दीन तैयबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1874 मध्येच, म्हणजे सभागृह पूर्ण झाले त्याच वर्षी, अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन केली. विद्यापीठाच्या दारापर्यंत मुले पोहोचायची तर गल्लीतली शाळा आधी हवी, हे त्यांनी जाणले होते.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ झाले. उच्च शिक्षणासाठी आपल्या वडीलधाऱ्यांची नजर तिकडे असे. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले ते 1958 मध्ये, म्हणजे मुंबईनंतर तब्बल 101 वर्षांनी. एवढे अंतर भरून काढणे हे एका पिढीचे काम नव्हे. म्हणूनच कारखान्यात पाळी करणाऱ्या बापाने मुलीला दहावीनंतर कॉलेजात पाठवले, तर ती घरापुरती गोष्ट राहत नाही.

पालकहो, मुंबईला जाणे झाले तर मुलांना बरोबर न्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलात की समोरच अंजुमन-ए-इस्लामची इमारत दिसेल. तेथून पायी ओव्हल मैदानाकडे गेलात की राजाबाई मनोरा. एक संस्था मुसलमानांनी उभारलेली, एक वास्तू पारशी आणि जैन दात्यांच्या पैशाची. शिकली मात्र सगळ्यांची मुले. आपण ज्याला सदका-ए-जारिया म्हणतो, त्याचा अर्थ मुलांना तेथे वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. तेजीत कमावलेले मंदीत गेले, शाळा-ग्रंथालयाला दिलेले दीडशे वर्षांनंतरही उभे आहे. लाखांची ऐपत आपल्यापैकी फार थोड्यांची असेल. परंतु आपल्या शाळेच्या ग्रंथालयात एक पुस्तक, एक कपाट, एक खिडकी आपल्या आईच्या नावाने देणे कोणालाही अवघड नाही.