केंब्रिजचा उन्हाळा, 1976
मुलतानजवळच्या रायपूर खेड्यात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांनी 1970 साली यीस्टच्या एका जनुकाची प्रत रसायनांतून घडवली. जोड्या 77, पण ते जनुक निष्क्रिय होतं. ऑगस्ट 1976मध्ये एमआयटीतल्या त्यांच्या चमूने घडवलेलं दुसरं जनुक मात्र जिवाणूत काम करू लागलं.

त्याच्या महिनाभर आधी त्याच केंब्रिज शहराच्या नगर परिषदेने परक्या जनुकांची सांधजोड करणारे जोखमीचे प्रयोग तीन महिने थांबवले होते. प्रयोगशाळेतून काहीतरी रांगत बाहेर येईल, ही महापौर वेलूचींची भीती अनेकांना हास्यास्पद वाटली. मला ती तशी वाटत नाही. मग नागरिकांचीच समिती बसली. अध्यक्ष इंधनतेलाचा व्यापारी, सदस्यांत एक ननही. त्यांनी शास्त्रज्ञांची उलटतपासणी घेतली आणि फेब्रुवारी 1977मध्ये राष्ट्रीय नियमांहून कडक अटींवर प्रयोग सुरू झाले.