पाव पणाचा दंड : अर्थशास्त्रातील अग्निसूत्रांवर भाष्य

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचा छत्तिसावा अध्याय नगराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा आहे. कौटिल्य त्याला ‘नागरिक’ म्हणतो. आज हा शब्द आपण नोटीस घेणाऱ्याला लावतो. तिथे तो नोटीस बजावणाऱ्याचा आहे. त्याच्या हाताखाली नगराच्या चौथ्या हिश्शाला एक स्थानिक आणि दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांना एक गोप. अध्यायाच्या मध्यावर आगीची सूत्रे येतात. मुंबई विद्यापीठाने 1960 साली छापलेल्या रा. प. कंगले यांच्या संहितेतला क्रम धरतो; आशय माझ्या शब्दांत.

उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत आगीचा बंदोबस्त; मोडल्यास अष्टमांश दंड.

अष्टमांश कशाचा, हे सूत्र सांगत नाही. पुढे येणारा ‘पाद’, म्हणजे पाव, पाहता दोन्हीकडे पण हे नाणेच घ्यावे लागते. आग पेटवण्याची बंदी नेमकी भर उन्हाची आहे, कारण नगरात गवत आणि लाकूड फार. दुर्गविधानात कौटिल्य तट लाकडाचा नको म्हणतो, लाकडात अग्नी टपून बसलेला असतो म्हणून. मौर्यांच्या राजधानीच्या जागी, पाटण्याजवळ बुलंदीबागेच्या उत्खननात मात्र लाकडी तटाचेच अवशेष निघाले. शास्त्र एक सांगते, राजधानी दुसरेच बांधते. यात नवल नाही.

किंवा चूल बाहेर मांडावी.

या ‘वा’वर, म्हणजे ‘किंवा’वर, थांबायला हवे. माणसे दुपारी जेवणारच. जी बंदी पाळताच येत नाही ती फक्त अधिकाऱ्याचा खिसा भरते. इथे पळवाट कायद्यानेच दिली आहे, म्हणून ती विकत घ्यावी लागत नाही.

पाच घागरी, रांजण, डोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, कचग्रहणी आणि पखाल न ठेवल्यास पाव पण.

या अध्यायातली माझी सर्वांत आवडती ओळ. कच म्हणजे केस. कचग्रहणी म्हणजे केस धरणारी. इथले केस छपराच्या गवताचे. यादीतली निम्मी अवजारे पाणी ओतण्याची आहेत, पण शिडी, कुऱ्हाड, आकडा आणि ही कचग्रहणी छप्पर मोडण्याची. पेटलेले घर जाणार हे धरून शेजारचे वाचवायचे, अशी ही मांडणी दिसते.

दंडाचा आकडाही मोलाचा. आग लागण्याआधीच, केवळ घागर नाही म्हणून तो बसतो, आणि एवढा लहान आहे की तो वसूल करताना अधिकाऱ्याला संकोच वाटू नये. 6 डिसेंबर 2008 पासून लागू झालेला आपला महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 याच्याशेजारी ठेवून पाहा. तपासणीसाठी आत शिरण्याचा, नोटीस देण्याचा, धोक्याची इमारत रिकामी करण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार त्यात अग्निशमन अधिकाऱ्याला आहे. पण न ऐकणाऱ्यांना हलवायचे तर पोलीस लागतात आणि शिक्षा द्यायची तर न्यायालय. यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी-जुलैत परवानाधारक संस्था देते. म्हणजे घागरी मोजणारा गोप मालकानेच पैसे देऊन आणायचा! अधिकार थोडा आहे असे मी म्हणणार नाही. तो मोठा आहे, म्हणूनच जड आहे. रिकाम्या घागरीसाठी कोणी तो उचलत नाही.

गवताची, चटयांची आच्छादने काढावीत. आगीवर पोट असलेल्यांना एका जागी वसवावे.

क्रियापदे पाहा. चूल मांडण्याचे ‘कुर्युः’ अनेकवचनी, म्हणजे रहिवाशांचे. इथे ‘अपनयेत्’ आणि ‘वासयेत्’ एकवचनी, म्हणजे नागरिकाचे. छप्पर काढायला तो मालकाला सांगत नाही, स्वतः उतरवतो. अंमलबजावणीचा सगळा अधिकार या एका प्रत्ययात आहे. नोटीस नाही, मुदत नाही, अपील नाही. लोहारावर घर उचलून दुसरीकडे जायची पाळी येते, त्याचे म्हणणे कोण ऐकतो हेही नाही. इथे मला आपला कायदा बरा वाटतो.

घरमालकांनी रात्री आपापल्या दाराशी राहावे. रस्त्यांत, चौकांत, वेशींपाशी, राजवाड्याजवळ हजारोंनी घागरी मांडाव्यात.

‘वसेयुः’ पुन्हा अनेकवचनी. घागरी मात्र कोणी भरायच्या हे सूत्र सांगत नाही, आणि सार्वजनिक घागरीचा सनातन प्रश्न तोच आहे.

आगीकडे न धावणाऱ्या मालकाला 12 पण, भाडेकरूला 6. हयगयीने आग लागल्यास 54.

54 पण म्हणजे पाव पणाच्या 216 पट. आगीच्या अलीकडे किरकोळ दंड, पलीकडे कंबर मोडणारा. भाडेकरूला निम्मा, कारण जळते ते त्याचे नव्हे. तरी तो सुटत नाही. आपल्या अधिनियमातली ‘मालक किंवा भोगवटादार’ ही जोडी अशी वाटणी करत नाही, आणि मग दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

आग लावणाऱ्याला अग्नीनेच मारावे.

यावर भाष्य नको.

याच अध्यायात पुढे एक सूत्र आहे, ते अग्निसूत्रांना जोडूनच वाचावे : रात्री घडलेला दोष, सजीवाकडून असो की निर्जीवाकडून, वर न कळवणाऱ्या नागरिकाला दोषाच्या मानाने दंड, त्याच्या हयगयीबद्दलही तसाच.

निर्जीवाच्या दोषात आग येते, असे मी धरतो. घागरीला पाव पण, भाडेकरूला 6, मालकाला 12, हयगयीला 54; सगळीकडे आकडा आहे. अधिकाऱ्याच्या दंडापुढे मात्र कौटिल्याने आकडा घातलेला नाही.